खुर्चीवर बसणाऱ्याचा हिशेब : पूलच्या काही खेळप्रकारांचे परीक्षण

पुण्यामुंबईतल्या कोणत्याही पूल पार्लरमध्ये गेले, तरी टेबल, क्यू (बॉल मारायची काठी), खडू, बॉल मांडायचा त्रिकोण आणि १ ते १५ क्रमांकांचे बॉल एवढे सामान सगळीकडे सारखेच मिळते. त्या सामानावर खेळता येतील असे खेळ डझनावारी आहेत, तरीही जवळजवळ प्रत्येक टेबलावर एट-बॉलच (आपले सात बॉल संपवून काळा आठ घालायचा खेळ) चाललेला दिसतो, कुठे तरी एखादा नाइन-बॉल (९ चा बॉल घालेल तो जिंकतो), आणि बाकीच्या खेळांची नावेही काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसतात. या परीक्षणात पार्लरचा एसी, टेबलाचे कापड किंवा कॉफी यांविषयी काहीही नाही. तासाचे भाडे भरणारा ग्राहक म्हणून मी येथे टेबलावरचे खेळच तपासले आहेत : कोणता खेळ पैसे वसूल करतो, कोणता करीत नाही, आणि एके काळी गाजलेले किंवा मोठ्या थाटात बाजारात आणलेले काही प्रकार का टिकले नाहीत.

त्यासाठी मी एकच कसोटी लावली आहे. ज्याची पाळी नाही, त्या माणसाचे या खेळात काय होते?

क्यूने खेळायच्या सर्व खेळांची एक अडचण मुळातलीच आहे. टेनिसमध्ये समोरच्याने कितीही चांगला फटका मारला, तरी तो परतवण्याची संधी आपल्याला असते. पूलमध्ये बॉल पॉकेटमध्ये गेला की पाळी त्याच खेळाडूची राहते आणि दुसऱ्याने खुर्चीवर बसून पाहत राहायचे असते. खेळाडू जितका कसलेला, तितका प्रतिस्पर्धी जास्त वेळ बसलेला. म्हणजे प्रत्येक प्रकाराचे नियम हे काही अंशी या बसण्याची व्यवस्था लावण्याचेच नियम असतात, आणि ही व्यवस्था जिथे चुकली तिथे खेळ कितीही सुंदर असला, तरी गिऱ्हाईक हळूहळू पांगले.

सुंदर आणि ओस पडलेल्या खेळांत पहिले नाव स्ट्रेट पूलचे घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पंधरा बॉलचा जो पूल चालत असे, त्यात प्रत्येक बॉलवरचा आकडा हेच त्याचे गुण असत. सगळ्या आकड्यांची बेरीज १२० होते, म्हणून ६१ गुण मिळवणारा जिंकत असे. १८७८ पासून या खेळाच्या अजिंक्यपद स्पर्धाही झाल्या. पण हिशेब मांडून पाहावा : १५, १४, १३, १२ आणि ११ हे पाचच बॉल घालणाऱ्याचे ६५ गुण होतात आणि उरलेले दहाच्या दहा बॉल घालणाऱ्याचे अवघे ५५. दुप्पट बॉल घालूनही जो हरतो, त्याला नियम समजावून सांगता येतील, पण समाधान कोठून देणार? १८८० च्या दशकाच्या अखेरीस या खेळाची जागा प्रत्येक बॉलला एकच गुण देणाऱ्या कंटिन्युअस पूलने घेतली. त्यात पंधराही बॉल संपले की नवा रॅक, म्हणजे त्रिकोणात मांडलेला बॉलचा गठ्ठा, फोडावा लागे, आणि घट्ट बसलेला पूर्ण रॅक मोकळा करून देण्यात स्वतःचेच नुकसान असल्याने तिथे बचावाची रटाळ खेळी सुरू होई. १९१० मध्ये जेरोम किओ या खेळाडूने त्यावर तोडगा काढला : चौदा बॉल संपल्यावर पंधरावा टेबलावरच ठेवायचा, बाकीचे चौदा पुन्हा लावायचे आणि त्या एका बॉलला पॉकेट करता करता पांढऱ्या बॉलने (ज्याला क्यूने मारायचे) रॅक फोडायचा. हाच स्ट्रेट पूल. १९१२ पासून पुढे कित्येक दशके अमेरिकेतले जागतिक विजेतेपद याच खेळात ठरत असे.

खेळ म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये जाणार हे आधी सांगावे लागते, म्हणून नशिबाने पडलेल्या बॉलला गुण नाही. पुढचा रॅक फोडण्यासाठी कोणता बॉल शेवटी राखायचा, याचा विचार चार-पाच बॉल आधीपासून करावा लागतो. अडचण या कौशल्याच्या फळातच आहे. १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने एका प्रदर्शनीय सामन्यात न चुकता सलग ५२६ बॉल घातले. तो पराक्रम आजही आदराने सांगितला जातो, पण सामना म्हणून पाहिले तर त्या वेळात टेबलाजवळ दुसरा खेळाडू असण्याचे काही कारणच उरले नव्हते.

आपल्याकडे या खेळाची अडचण आणखी व्यवहारी आहे. बहुतेक पार्लरमध्ये मित्रामित्रांत अलिखित नियम असतो की हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. एट-बॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटांचे भाडे अंगावर येते आणि माणूस ते हसत देतो. स्ट्रेट पूलचा १०० गुणांचा सामना दोन असमान खेळाडूंत लावला, तर ज्याने बहुतेक वेळ खुर्चीवर काढला त्यानेच दीड-दोन तासांचे भाडे भरायचे, असा तो हिशेब होतो. एकदा हे झाले की तो मित्र पुढच्या वेळी आपणहोऊन एट-बॉलचा त्रिकोण लावू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. शिवाय दर चौदा बॉलनंतर पॉकेटमधून बॉल गोळा करून पुन्हा लावणे आणि गुण लक्षात ठेवणे हे जिमखान्यात मार्कर (टेबलाजवळचा कर्मचारी) करतो. पार्लरमध्ये ते आपल्यालाच करावे लागते आणि ६० झाले की ६१, यावर एकदा तरी वाद होतोच.

याच दुखण्याची सर्वांत टोकाची उदाहरणे पूलच्या थोरल्या भावंडात, म्हणजे तीन बॉलच्या इंग्लिश बिलियर्ड्समध्ये सापडतात. १९०७ मध्ये लंडनमध्ये टॉम रीसने दोन बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि आपला बॉल त्या दोघांना पुन्हा पुन्हा हलकेच लावत ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) केला. तो सुमारे पाच आठवडे चालला. प्रतिस्पर्धी जो चॅपमन या काळात काय करीत होता, याचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे : बसला होता. ही क्लृप्ती लगेच बंद करण्यात आली. पण १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने इंग्लंडच्या जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ चा ब्रेक केला, तो नियमात राहून, कुशनीच्या कडेने तिन्ही बॉल इंचाइंचाने सरकवत नेऊन. तेव्हा पुन्हा नियम बदलले आणि ठराविक गुणांनंतर पांढरा बॉल बॉक रेषेपलीकडे (टेबलाच्या एका टोकाजवळची आडवी रेषा) नेण्याची सक्ती आली. तोवर प्रेक्षक स्नूकरकडे वळू लागले होते. लिंड्रमसमोर बसून राहावे लागलेल्या जो डेव्हिसनेच १९२७ मध्ये स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा भरवण्यात पुढाकार घेतला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

भारतात बिलियर्ड्स मेले नाही, हे येथे अभिमानाने नोंदवायला हवे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी विजेतेपद मिळवले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला. त्यानंतर मुंबईचे मायकल फरेरा, मग गीत सेठी आणि पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी अशी ती परंपरा चालत आली. परंतु आज या खेळाच्या जागतिक स्पर्धांत लांब वेळेच्या सामन्यांबरोबर १५० गुणांच्या छोट्या डावांचाही प्रकार असतो, हे विसरून चालणार नाही. १५० गुणांवर डाव थांबतो, म्हणजे बसणाऱ्याची शिक्षाही तिथेच थांबते आणि पुढचा डाव शून्यापासून सुरू होतो. बिलियर्ड्सला जी व्यवस्था फार उशिरा लागली, ती एट-बॉलमध्ये जन्मतःच होती.

आता ज्या प्रकारांना तज्ज्ञांनी मुद्दाम घडवले, त्यांच्याकडे वळू. १९५७ नंतर व्यावसायिक स्नूकरची जागतिक स्पर्धा काही वर्षे बंदच पडली. लोकांचा रस परत आणण्यासाठी जो डेव्हिसने १९५९ मध्ये स्नूकर प्लस नावाचा प्रकार काढला. नेहमीच्या सहा रंगांत ८ गुणांचा नारिंगी आणि १० गुणांचा जांभळा असे दोन बॉल वाढवले, त्यामुळे सर्वाधिक ब्रेक १४७ वरून २१० वर गेला. त्या प्रकारावर एक स्पर्धा झाली आणि विषय संपला. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. रस कमी झाला होता तो एकाच खेळाडूच्या लांबलेल्या पाळीने, आणि डेव्हिसने पाळी आणखी लांबवणारे औषध दिले. शिवाय प्रत्येक क्लबने दोन नवे बॉल घ्यायचे, कापडावर दोन नव्या खुणा करायच्या आणि सवयीचा हिशेब पुसून टाकायचा. स्नूकर खेळणाऱ्या कोणाच्याही डोक्यात २७ हा आकडा पक्का बसलेला असतो, कारण शेवटच्या सहा रंगांची बेरीज तेवढी होते आणि खुर्चीवर बसलेला माणूस त्याच आकड्यावरून ठरवतो की आपण अजून सामन्यात आहोत की नाही. प्लसमध्ये तो आकडा ४५ झाला. पुढे स्नूकर सावरला तो १९६९ मध्ये बीबीसीने रंगीत दूरचित्रवाणीसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमामुळे, ज्यात सामना एकाच फ्रेमचा, म्हणजे एकाच डावाचा, असे. खेळ तोच ठेवून फक्त बसण्याचा काळ कापला, आणि घराघरांत लोक पाहू लागले.

हाच हिशेब २०१० मध्ये लंडनमध्ये आलेल्या पॉवर स्नूकरलाही भोवला. फक्त नऊ लाल बॉल, फटक्याला वीस सेकंदांची मर्यादा, मधोमध एक खास पॉवर बॉल आणि तो घातला की पुढची दोन मिनिटे गुण दुप्पट, अशी त्याची रचना होती. पहिली स्पर्धा रॉनी ओसुलिव्हनने जिंकली, २०११ मध्ये आणखी एक झाली, आणि नंतर त्याचे नाव ऐकू आले नाही. कागदावर हा प्रकार माझ्या कसोटीला उतरायला हवा होता, कारण वेग आहे, घड्याळ आहे, सामना ठराविक वेळेत संपतो. प्रत्यक्षात मात्र बसलेल्या खेळाडूला, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही, किती गुण उरले आहेत हे कळेनासे झाले. नेहमीच्या स्नूकरमध्ये शेवटचे सहा रंग उरले असताना ३० ने मागे असलेला खेळाडू टेबलाकडे एक नजर टाकून सांगतो की आपल्याला एक फाउल (समोरच्याची चूक, जिचे गुण आपल्याला मिळतात) मिळवावा लागेल. येथे तीच ३० ची पिछाडी कधी क्षुल्लक तर कधी अशक्य, आणि ते ठरवणार घड्याळ. ज्याला आपली परिस्थितीच वाचता येत नाही त्याची उत्कंठा वाढत नाही, तो फक्त आकडे पाहत राहतो. टी-ट्वेंटीचे यश पाहून असे प्रकार काढणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हवे होते की तिथे षटके कमी केली, धावांचा अर्थ बदलला नाही.

याउलट एट-बॉल. गेली शंभर वर्षे हा खेळ का पुरून उरला, हे मला वाटते त्याच्या एका गुणात आहे आणि तो गुण बहुधा कोणी योजून ठेवलेला नसावा. एकाने सॉलिड (पूर्ण रंगाचे बॉल), दुसऱ्याने स्ट्राइप (पट्ट्याचे बॉल) घ्यायचे, आपले सात संपवून काळा आठ घालायचा. समजा, समोरच्याने सहा बॉल झपाट्याने घातले आणि सातवा चुकवला. गुणफलक असता, तर त्यावर ६–० दिसले असते. पण टेबलावर माझे सातही बॉल शाबूत आहेत, त्याच्या एकमेव बॉलच्या वाटेत उभे आहेत, आणि मला कुठेही मारायला मोकळीक आहे. तो जितका पुढे जातो तितके त्याचे पर्याय कमी होतात आणि माझे बॉल न हलता माझा बचाव करतात. म्हणजे मी खुर्चीवर बसलेलो असतानाही टेबलावर खेळत असतो. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मागे पडलेल्याला इतके उदार संरक्षण नाही.

यंत्रानेही एट-बॉललाच हात दिला. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दारूच्या गुत्त्यांत नाणे टाकून चालणारी छोटी टेबले आली, त्यांत पॉकेटमध्ये गेलेला बॉल टेबलाच्या पोटात अडकतो आणि नवे नाणे टाकल्याशिवाय बाहेर येत नाही. फक्त पांढरा बॉल वेगळा निवडून परत येतो. अशा टेबलावर दर चौदा बॉलनंतर रॅक लावणे किंवा फाउलनंतर घातलेला बॉल परत ठेवणे शक्यच नाही, म्हणजे स्ट्रेट पूल आणि वन-पॉकेट (ज्याविषयी पुढे लिहिले आहे) तिथे जागच्या जागी बाद. चीनमध्ये तर स्नूकरसारख्या गोलसर ओठांच्या अरुंद पॉकेटचे टेबल बनवूनही खेळ एट-बॉलच ठेवला आणि तो तिथे जोरात चालतो. दर पार्लरला नियम थोडे वेगळे असतात, फाउलवर कोठे एक पाळी कोठे दोन, कोठे काळा बॉल सांगून घालायचा तर कोठे शेवटचा बॉल गेला त्याच पॉकेटमध्ये. कडक नियमपुस्तकाच्या भक्तांना याचा राग येतो. मला तो या खेळाच्या प्रकृतीचा पुरावा वाटतो, कारण इतकी ओढाताण सोसूनही तो मोडत नाही.

नाइन-बॉलचे यश थोडे निराळे आहे. त्यात सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी स्पर्श करावा लागतो आणि जो ९ घालेल त्याचा रॅक, म्हणजे तो डाव, मग आधीचे आठ कोणीही घातलेले असोत. बसलेल्याची आशा त्यामुळे शेवटच्या बॉलपर्यंत जिवंत राहते. पण फोडणारा रॅकमागून रॅक संपवत गेला, तर येथेही खुर्ची लांबते. १९९६ मध्ये डॅलस येथे अमेरिकन खेळाडू अर्ल स्ट्रिकलंडने एका सामन्यात सलग ११ रॅक जिंकले होते. फरक एवढाच की या दुखण्याला औषध सापडते. ब्रेक, म्हणजे रॅक फोडण्याचा पहिला फटका, आळीपाळीने द्यायचा, रॅकची जागा बदलायची, ब्रेक कुठून मारायचा यावर मर्यादा घालायची, आणि तरीही खेळ नाइन-बॉलच राहतो. स्ट्रेट पूलला असे ठिगळ लावता येत नाही, कारण लांब पाळी हाच त्याचा गाभा आहे. ती कापली तर उरते काय? अमेरिकेत नाइन-बॉलची घाई अजून वाढवण्यासाठी दूरचित्रवाणीवर सात बॉलचाही एक प्रकार चालवून पाहिला गेला, पण पार्लरमध्ये तो कोणी मागितला नाही.

वन-पॉकेट मी मुद्दाम शिकलो आणि तो मला आवडतो, तरी शिफारस करताना हात आखडतो. प्रत्येकाला कोपऱ्यातले एकच पॉकेट मिळते आणि त्यात आधी आठ बॉल घालणारा जिंकतो. बसण्याची तक्रार येथे नाहीच, कारण पाळी वारंवार बदलते आणि समोरच्याचा प्रत्येक फटका आपल्यासाठी कोडे ठेवून जातो. मात्र शेजारच्या टेबलावरचा माणूस पाहायला आला, तर त्याला दोन शहाणे लोक मुद्दाम बॉल पॉकेटपासून दूर ढकलताना दिसतात, आणि तो पाच मिनिटांत निघून जातो. नवा खेळाडू पाहूनच तयार होतो, त्यामुळे हा खेळ अमेरिकेत जुन्या जाणत्यांचा राहिला आणि आपल्याकडे रुजलाच नाही.

तिघे जण असाल, तर कटथ्रोट खेळून पाहण्यासारखा आहे : १ ते ५, ६ ते १० आणि ११ ते १५ असे तीन गट, दुसऱ्यांचे बॉल घालायचे, ज्याचा शेवटचा बॉल टेबलावर राहील तो विजयी. एक-दोन डाव झकास जातात. त्यानंतर दोघे मिळून तिसऱ्याला संपवू लागतात आणि तो पाण्याची बाटली घेऊन फोन पाहत बसतो. ज्या लाइफ पूल नावाच्या जुन्या खेळातून रंगीत बॉल घेऊन १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकर जन्माला आला, त्यात हाच दोष होता. तीन जीव गेले की माणूस बाद. लाइफ पूल आज कोणी खेळत नाही, त्याचे रंग मात्र स्नूकरमध्ये उरले. आकड्यांच्या पूलचेही असेच झाले. ६१ गुणांचा तो हिशेब फिलिपिन्समध्ये रोटेशनच्या रूपात टिकला, कारण तिथे सर्वांत लहान बॉलला आधी लावण्याची अट आहे आणि मोठ्या बॉलपर्यंत पोहोचण्याची किंमत मोजावी लागते. एफ्रेन रेयेससारखा खेळाडू त्या खेळातून घडला.

तेव्हा भाडे भरणाऱ्या ग्राहकाला माझी शिफारस अशी : दोघांच्या खेळात फरक असेल तर एट-बॉल, दोघेही बरे असतील तर आळीपाळीने ब्रेक ठेवून नाइन-बॉल, आणि हाती निवांत दुपार व समोर धीराचा जोडीदार असेल तरच वन-पॉकेट. स्ट्रेट पूल मात्र यादीतून काढू नये. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४ बॉल सलग घालून मॉस्कोनीचा आकडा मागे टाकला, ते सामन्यात नव्हे, एकट्याने टेबलावर प्रयत्न करताना. खुर्चीच रिकामी असेल तर या खेळाविरुद्धची माझी एकमेव तक्रार उरत नाही. सकाळी पार्लर उघडल्यावर गर्दी नसते आणि काही ठिकाणी भाडेही कमी असते. त्या वेळी एकट्याने चौदा बॉल लावावेत, चुकेपर्यंत मोजावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. सुरुवातीला दहाच्या पुढे गेलात तरी बरे चालले आहे असे समजावे, आणि पंधरावा बॉल त्रिकोणाच्या बाजूला, पांढरा बॉल रॅकवर आदळेल अशा कोनात राखण्याचा सराव आधी करावा, कारण बहुतेकांची पाळी तिथेच संपते.